पंचवीस तासांचा दिवस: अटलांटिक ओलांडताना बोटीवर काय करायचं

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून संध्याकाळी सुटलेली ‘क्वीन मेरी 2’ ही प्रवासी बोट आठव्या दिवशी पहाटे न्यूयॉर्कला लागते. सात रात्री आणि मधले सहा पूर्ण दिवस. वाटेत एकही बंदर नाही. भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर बंदराविना जाणारा दिवस म्हणजे दोन शहरांमधली विश्रांती असते. इथे प्रवास म्हणजेच ते दिवस. त्यामुळे तिकीट काढण्याआधी प्रत्येक जण विचारतो, “सहा दिवस करायचं काय?”

बोटीवर अडचण नेमकी उलटी होते. आदल्या रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं कार्यक्रमपत्रक येतं आणि त्यात सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत इतकं काही असतं, की पहिले दोन दिवस लोक लग्नघरातल्यासारखे धावतात. तिसऱ्या दिवशी दमून खुर्चीत पडतात आणि चौथ्या दिवशी ‘आता कंटाळा आला’ म्हणतात. हे टाळायचं तर कार्यक्रमपत्रकाआधी बोटीचं घड्याळ समजून घ्यावं.

इंग्लंड आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचा फरक. पश्चिमेकडे जाताना सातपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं, म्हणजे पाच दिवस 25 तासांचे होतात. यामागचं गणित सोपं आहे. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. साउदॅम्प्टन साधारण 1.4 अंश पश्चिम रेखांशावर, न्यूयॉर्क 74 वर. फरक 72.6 अंश, म्हणजे 4 तास 50 मिनिटं. बोट साधारण 20 नॉटने, म्हणजे तासाला 20 सागरी मैलांनी चालते. 25 तासांत 500 सागरी मैल होतात. 50 अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण 38.5 सागरी मैलांचा भरतो, म्हणजे सरळ पश्चिमेला गेलं तर दिवसाला 13 अंश, अर्थात सूर्याच्या हिशेबाने 52 मिनिटं. कप्तान जो तास देतो तो असा मोजून दिलेला असतो. विमानात हेच पाच तास एकदम अंगावर आदळतात. इथे हप्त्याने मिळतात.

पूर्वेकडे, म्हणजे न्यूयॉर्कहून साउदॅम्प्टनला येताना हाच हिशेब उलटतो आणि दिवस 23 तासांचे होतात. त्या दिशेला घड्याळ रात्री नाही, दुपारी बाराला पुढे करतात. बाराचा ठोका पडला की एक वाजलेला असतो आणि जेवणाची वेळ निम्मी उरते. झोप मोडत नाही, पण दुपार लंगडी होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने पश्चिमेची दिशा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

या घड्याळावरूनच जेवणाची पाळी ठरवावी. मुख्य ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये रात्रीच्या दोन पाळ्या असतात, सहाची आणि साडेआठची. आपण मराठी माणसं सवयीने साडेआठ निवडतो आणि पश्चिमेकडे जाताना तिथेच फसतो. घड्याळ मागे गेलं तरी शरीर कालच्याच वेळेवर असतं. बोटीच्या साडेआठला पोट साडेनऊ म्हणत असतं आणि गोड येईपर्यंत डोळे मिटायला लागतात. पश्चिमेला जाताना सहाची पाळी, पूर्वेला जाताना साडेआठची. पाळी बुकिंगच्या वेळीच मागावी. बोटीवर चढल्यावर बदलून मिळते, पण पहिल्या संध्याकाळी त्यासाठी रांग असते.

पश्चिमेच्या वाटेवर पहाटे पाचला आपोआप जाग येते. तेव्हा केबिनमध्ये कूस बदलत पडू नका. बोटीची सगळ्यांत चांगली वेळ हीच. डेक 7 वर पूर्ण बोटीला वळसा घालता येतो. तीन फेऱ्या म्हणजे 1.1 मैल, साधारण पावणेदोन किलोमीटर. पाच फेऱ्यांत तीन किलोमीटर होतात आणि पाऊण तास जातो. पायात पकड असलेले बूट हवेत. सकाळी डेक धुतलेलं असतं आणि खारं पाणी वाळेपर्यंत लाकूड निसरडं राहतं.

वाऱ्याचं मात्र आधी समजून घ्या. अटलांटिकच्या या पट्ट्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. बोट 20 नॉटने पश्चिमेला जातेय आणि समोरून 25 नॉटचा वारा असेल, तर डेकवर अंगाला लागतो तो 45 नॉटचा, म्हणजे ताशी 80 किलोमीटरपेक्षा जास्त. टोपी गेली म्हणून समजा. उलट पूर्वेला जाताना तोच वारा पाठीमागून आला की डेकवर जेमतेम 5 नॉट उरतात आणि खुर्चीत बसून पुस्तक वाचता येतं. पूर्वेच्या वाटेचा हा एक मोठा फायदा. वारा फार वाढला की डेकचे दरवाजे बंद करतात. त्या दिवशी चालायचं तर आतल्या लांब मार्गिका आहेत. बोट 345 मीटर लांब आहे, पाय मोकळे होतात.

ऊन कुठल्या बाजूला, हेही दिशेवर ठरतं. पश्चिमेला जाताना दक्षिण डाव्या हाताला येते, म्हणून दिवसभराचं ऊन डाव्या बाजूला, परतीला उजव्या. बाल्कनीची केबिन घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट: डेक 4, 5 आणि 6 वरच्या बाल्कन्या बोटीच्या पोलादी अंगातच कोरून काढलेल्या आहेत. कठडा काचेचा नाही, पोलादाचा. बसलं की समुद्र दिसत नाही, उभं राहावं लागतं. फोटोत त्या बिचाऱ्या दिसतात. पण अटलांटिकच्या वाऱ्यात बसण्याजोग्या याच, आणि खाली असल्यामुळे हेलकावेही कमी. डेक 8 वरच्या काही बाल्कन्यांसमोर लाइफबोटी येतात. नकाशा नीट पाहूनच पैसे भरा.

दुपारी बारा वाजता ब्रिजवरून, म्हणजे बोट जिथून चालवतात त्या कक्षातून, कप्तानाची घोषणा होते: बोट कुठे आहे, वारा किती, समुद्र कसा, खाली पाणी किती खोल. बहुतेक लोक त्या वेळी सूपच्या रांगेत असतात. पण सहा दिवसांना कणा हवा असेल तर तो इथे आहे. एक साधी शंभर पानी वही न्या आणि रोज बाराला सहा रकाने भरा: अक्षांश, रेखांश, कालपासूनचं अंतर, खोली, वारा, हवेचं तापमान. अंतर आदल्या रात्री घरच्यांनी आपापसांत अंदाजून लिहून ठेवावं. जुन्या काळी प्रवासी याच आकड्यावर पैजा लावत. पश्चिमेला 500 च्या आसपास आणि पूर्वेला 23 तासांमुळे 460 च्या आसपास, हा सुरुवातीचा अंदाज धरा. मग वारा आणि धुकं बघून कमी-जास्त करा. मुलं बरोबर असतील तर भूगोलाच्या वर्षभराच्या तासांपेक्षा जास्त काही या वहीत शिकतात.

खोलीचा रकाना सगळ्यांत मजेदार. इंग्लिश खाडीत शे-दीडशे मीटरचा आकडा नसतो, त्याहून कमीच. खंडमंचाची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाची, कड ओलांडली की तो एकदम हजारांत जातो, 4,000 मीटरच्या पुढे. मग समुद्राच्या मध्यावर, आजूबाजूला काहीही बदललेलं दिसत नसताना, खोली कमी व्हायला लागते. खाली मध्य-अटलांटिक पर्वतरांग असते, जिथे उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट एकमेकांपासून सरकताहेत. ती ओलांडली की पुन्हा खोल.

फोनचा जीपीएस एअरप्लेन मोडवरही चालतो, पण केबिनच्या पोलादी भिंतींत नाही; खिडकीशी किंवा डेकवर जावं लागतं. नकाशाचं अ‍ॅप उपयोगाचं नाही, नुसतं निळं दिसतं. अक्षांश-रेखांश आणि वेग आकड्यांत दाखवणारं छोटं अ‍ॅप निघण्याआधी उतरवून घ्या. फोनमधल्या होकायंत्रावर मात्र विसंबू नका. एवढ्या लोखंडात ते भरकटतं.

दुर्बीण न्यायची तर 7x50 किंवा 8x42. दहापटीच्या वर गेलात की बोटीच्या थरथरीने चित्र नाचतं. व्हेल आणि डॉल्फिन दिसण्याची शक्यता प्रवासाच्या दोन टोकांना, खंडमंचाच्या कडेजवळ जास्त. मधले दिवस बहुधा सुने. व्हेल शोधायचा म्हणजे प्राणी शोधायचा नाही, फवारा शोधायचा. पाण्याच्या पातळीपासून 25 मीटरवर उभं राहिलं तर क्षितिज साधारण 18 किलोमीटरवर असतं. त्या सगळ्या पट्ट्यावर नजर हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत राहायची, एका जागी खिळवायची नाही.

आतल्या कार्यक्रमांबाबत माझा नियम असा: सकाळी एक, संध्याकाळी एक, बस. सकाळचं एक म्हणजे व्याख्यान. पाहुणे वक्ते साधारणपणे पूर्ण प्रवासभर असतात आणि मालिका करतात, त्यामुळे पहिलं व्याख्यान आवडलं तर त्याच वक्त्याला धरून राहावं. तारांगण हे या बोटीचं वैशिष्ट्य. घुमटाखालच्या जागा मर्यादित असल्याने खेळाचे पास आधी घ्यावे लागतात आणि ते पटकन संपतात; पहिल्याच दिवशी वेळ विचारून ठेवा. साडेतीनला क्वीन्स रूममध्ये पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा, सँडविच आणि स्कोन आणतात. सवा तीनला गेलात तर टेबल मिळतं. रोज जाऊ नका. सहाची पाळी असेल तर या चहाने जेवणाची वाट लागते. त्याच हॉलमध्ये दिवसा बॉलरूम नाच शिकवतात. जोडीदार नसला तरी चालतं, आणि पहिल्या दिवसापासून गेलं तर सहा दिवसांत वॉल्ट्झचे पाय जमतात. तिसऱ्या दिवशी मधूनच घुसलात तर तुमचे पाय दुसऱ्याच्या पायांवर पडतात.

पत्ते खेळणाऱ्यांची ब्रिजची बैठक भरते. आपल्याकडचे रमीवाले आणि मेंढीकोटवाले कार्ड रूममध्ये कोपरा धरून बसले तरी कुणी उठवत नाही. ग्रंथालय मोठं आणि समोर समुद्र. पण मराठी काही मिळण्याची आशा नको. नोव्हेंबरचं तिकीट असेल तर दोन-तीन दिवाळी अंक बॅगेत टाका. रोज एक कथा आणि एक लेख, असे ते सहा दिवस पुरतात. ग्रंथालयाची पुस्तकं शेवटच्या संध्याकाळच्या आत परत करायची.

पैसे जातात ते कॅसिनोत, बिंगोत, स्पामध्ये आणि चित्रांच्या खरेदीत. बंदर नसल्यामुळे ही सगळी दुकानं रोज उघडी. चित्र घेण्याआधी त्याचं पाठवणी-शुल्क विचारा, मग पाकिटाकडे गेलेला हात बहुधा आपोआप मागे येतो.

संध्याकाळी सहानंतर कपड्यांचे नियम लागू होतात आणि सात रात्रींत साधारण दोन गाला संध्याकाळी असतात. टक्सिडो भाड्याने आणायची गरज नाही. राष्ट्रीय पोशाख चालतो. बंदगळा किंवा शेरवानी, आणि पैठणी तर बोटीच्या जिन्यावर सगळ्यांना मागे टाकते. फक्त नऊवारीचा काठ आणि उंच टाचा हा मेळ हलत्या बोटीवर नको; सपाट चपला बऱ्या.

जेवणात शाकाहाराची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही, पण मेनूकार्डावरचा एक पदार्थ रोज खाण्यापेक्षा पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठा. भारतीय शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर उद्याचं आज सांगायचं, ही पद्धत. आधी सांगितलं की वेगळी भाजी, डाळ मिळू शकते; ऐन वेळी सांगितलं की उकडलेल्या भाज्या येतात. ब्रिटिश बोटींवर गोव्याच्या माणसांची नोकरीची परंपरा पिढ्यांची आहे, कोकणीत त्यांना तारवटी म्हणतात. तुमच्या टेबलाला तसा कुणी असला, तर कोकणीतलं एक वाक्य मेनूकार्डापेक्षा जास्त काम करतं. बुफेत नऊ ते दहा ही सगळ्यांत वाईट वेळ. 25 तासांच्या दिवसात तुम्ही पाचला उठलेले असता, मग सातलाच न्याहारी करा.

हात साबण-पाण्याने धुवा. दारातल्या जेलने नोरोव्हायरस नीट मरत नाही, आणि बोटीवर पोट बिघडलं की डॉक्टर केबिनबाहेर पडायला बंदी करतात. सहा दिवसांपैकी दोन-तीन असे गेले तर त्यापुढे सगळे बेत फुकट.

आता बोट लागण्याबद्दल. कोकणच्या बोटीने गेलेल्या पिढीला हा शब्द नीट माहीत होता. बोट दोन तऱ्हांनी हलते. एक, कुशीवर डोलते. दोन, नाक वर-खाली करते. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते पहिली हालचाल पुष्कळ कमी करतात, दुसरीवर त्यांचा इलाज नाही. पश्चिमेला जाताना लाट समोरून येते, म्हणून त्रास दुसऱ्या प्रकारचा. अशा वेळी सी-सॉ आठवा: टोकाला बसलेला उडतो, मध्यावरचा जागच्या जागी. केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर हवी. पुढच्या टोकाची वरची केबिन महाग असली तरी वाऱ्याच्या दिवशी तिथे बशी टेबलावर राहत नाही.

गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आपल्याकडे अव्होमिन आणि स्टुजेरॉन सर्रास वापरतात. दोन्हींनी झोप येते, पहिलीने जास्त. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा पार्किन्सन्स असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय यांना हात लावू नये. मद्याबरोबर तर नकोच. बाकी उपाय साधे: पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं किंवा सफरचंद खा, पडून राहण्यापेक्षा डेकवर क्षितिजाकडे बघत उभे राहा, वाचन आणि फोन बंद. आलेपाक बॅगेत असू द्या. आल्याचा काहींना उपयोग होतो. बहुतेकांना दीड-दोन दिवसांत सवय होते. वाऱ्याचा आकडा ब्युफोर्ट मापात, म्हणजे 0 ते 12 अशा पायऱ्यांत सांगतात. 6 पर्यंत या बोटीवर ग्लासातलं पाणी हलतं, इतकंच. 8 म्हणजे 34 ते 40 नॉट. मग जिन्याचा कठडा धरून चालायचं आणि केबिनच्या दाराच्या चौकटीत बोटं ठेवायची नाहीत. जड दार हेलकाव्याने मिटतं आणि बोट सापडतं. पोहण्याचा तलाव अशा दिवशी बंद असतो.

तिकीट वसंतात काढलं तर न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला धुकं भेटेल. गल्फ स्ट्रीमवरची उबदार दमट हवा लॅब्राडोरच्या थंड प्रवाहावर येते आणि तिथेच तिचं धुकं होतं. दिसेनासं झालं की नियमाप्रमाणे जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा वाजतो, रात्रीसुद्धा. पुढच्या भागात केबिन असेल तर कानात बोळे हवेत. साधारण फेब्रुवारी ते जुलै हिमनगांचा हंगाम, तेव्हा मार्ग दक्षिणेला सरकतो. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय हिम-गस्त अजूनही या पाण्यावर नजर ठेवते. जूनमध्येही इथे डेकवर स्वेटर आणि कानटोपी लागते. ‘उन्हाळ्याची क्रूझ’ या शब्दावर जाऊन अर्ध्या बाह्यांचे शर्ट भरणारे दुसऱ्या दिवसापासून दुकानातले महागडे स्वेटर घेताना दिसतात.

किरकोळ, पण अडणाऱ्या गोष्टी. इस्त्री आणि पाण्याची कॉइल नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. कपडे धुण्याची मशीन आणि इस्त्रीचे टेबल बोटीवर फुकट आहेत. शेवटच्या दोन दुपारी तिथे भांडणं होतात, त्यामुळे मधल्या एखाद्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या जा. आपली गोल पिनची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसेलच असं नाही, अ‍ॅडॅप्टर न्या. भिंती पोलादी, म्हणून चार लोहचुंबक नेले की कार्यक्रमपत्रकं आणि टोप्या भिंतीला लावता येतात. फोन बोट सुटताच एअरप्लेन मोडवर टाका. बोटीचं मोबाइल नेटवर्क नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा येत नाही आणि बिल पाहून डोळे पांढरे होतात. बोटीचं वायफाय घेतलं तरी बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, तो येईलच असं नाही. त्या आठवड्यातली बिलं, हप्ते आधीच भरून टाका. रोजच्या औषधांचा साठा चार दिवस जास्तीचा, आणि तो हातातल्या पिशवीत. मोठी बॅग केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येत नाही. बोटीच्या दवाखान्याचं बिल वेगळं असतं आणि मध्य-अटलांटिकवर हेलिकॉप्टर पोचत नाही. विमा या दोन गोष्टी वाचूनच घ्या. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर नसेल तर साउदॅम्प्टनलाच चढू देत नाहीत.

रात्री तारे पाहायचे तर पुढच्या उघड्या डेकवर जा. ब्रिजवरच्या लोकांना अंधारात नीट दिसावं म्हणून पुढच्या बाजूचे दिवे कमी ठेवतात आणि त्या बाजूच्या केबिनांना पडदे ओढायला सांगतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या आणि तेवढा वेळ फोन खिशातून काढू नका.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. दर फेरीला कुणीतरी सकाळचे कपडेही त्यात भरून टाकतं. बुफेतलं सफरचंद किंवा केळं पर्समध्ये टाकून उतरू नका. अमेरिकन कस्टम्सला ताजी फळं चालत नाहीत आणि दंड होऊ शकतो. चिवडा-लाडू उरले असतील तर फॉर्मवर किंवा तोंडी सांगून टाका.

आणि गजर चारचा लावा. बोट पहाटे न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या व्हेराझानो पुलाखालून जाते. धुराड्याची उंची ठरवताना हा पूल हिशेबात धरलेला होता, तरी खालून बघताना ते पुलाला घासणारच असं वाटतं. पुलानंतर स्वातंत्र्यदेवता डाव्या हाताला येते, मॅनहॅटन समोर, आणि बोट उजवीकडे ब्रुकलिनच्या धक्क्याकडे वळते. म्हणून आधी डाव्या कठड्याशी उभं राहायचं. पाच रात्रींच्या जास्तीच्या तासांमुळे चारला उठणं जड जात नाही.